दंडातलं घोडेतळं

भूपालमास्तरांच्या उजव्या दंडातल्या गाठीत घोडेतळं आहे, हे डॉक्टर वृषाली मगदूमने यंत्राच्या पडद्यावर पाहिलं आणि शिरस्त्याप्रमाणे आधी त्याची खोली मोजली.

कोळसंगीच्या सरकारी दवाखान्यात खाटेपर्यंत ओढून आणता येणारं सोनोग्राफीचं लहान यंत्र आलं, तेव्हापासून अपघात विभागातलं गाठींचं काम बरंच सुधारलं होतं. त्याआधी सगळा बोटांचा कारभार. चाचपायचं, कपाळाला आठ्या घालायच्या आणि अंदाज ठोकायचा. आता जेली लावायची, मुठीत मावणारा प्रोब कातडीवर टेकवायचा आणि सरळ आत बघायचं.

गाठ घेऊन कुणी आलं की चारच गोष्टी बघायच्या असतात. पू असेल तर तो दाबल्यावर आतल्या आत घुसळतो. चरबी कितीही दाबा, निमूट पडून राहते. रक्तवाहिनी फुगली असेल तर रंगाचं बटण दाबताच ती लाल-निळी पेटते, आणि मग हातातली सुरी मुकाट्याने ट्रेमध्ये परत ठेवायची असते. आणि जुनं काही साठलं असेल, तर ते ओळखीचं दिसतं.

हे न बघता चाकू चालवला की काय होतं, त्याचा दाखला ताजा होता. शेजारच्या तालुक्यात एका घाईच्या डॉक्टरने एका म्हाताऱ्याच्या मानेवरची गाठ पू समजून चिरली, आणि आतून मोडीत निघालेली टुरिंग टॉकीज बाहेर आली. तंबू ड्रेसिंग रूममध्ये मावेना, आणि दारावरचा माणूस तिकीट दाखवल्याशिवाय नर्सलाही आत सोडेना. म्हातारा बरा होऊन घरी गेला. ड्रेसिंग रूम मात्र त्या दवाखान्याला अजून परत मिळालेली नाही.

तेव्हा वृषाली सावकाश बघत होती. यंत्रावर पाणी काळं दिसतं. मास्तरांची कातडी, तिच्याखाली चरबीचा पातळ पट्टा आणि त्याच्याखाली काळंभोर, स्वस्थ पाणी. एका काठाला घोड्यांना पाणी पाजायची दगडी उतरण. घोडे गावातून संपल्यावर तिथे म्हशी बसत, त्या बसल्या होत्या. कडेला कपडे आपटणाऱ्या बायका. तिने प्रोब जरासा दाबला. पाण्यावर लाट उठली आणि एका म्हशीने कान झटकला.

वृषालीने प्रोब तिथेच धरून ठेवला. ती चौथीत असताना घोडेतळं बुजवलं होतं. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर मुरूम येऊन पडत होता आणि पोरं काठावर उभी राहून बघत होती. आता तिथे घोडेतळं शॉपिंग सेंटर होतं. दर दिवाळीला ती तिथल्या साडीच्या दुकानात जायची, आणि पायाखाली पाणी आहे असं वाटून पाऊल जपून टाकायची. बाईंचा गुडघा दुखतो, असं समजून दुकानदार न सांगता खुर्ची पुढे करायचा.

"किती दिवस झाले, मास्तर?" तिने विचारलं.

"गाठ व्हय? गाठ जुनीच हाय," खाटेवरचे भूपालमास्तर म्हणाले. "तळं बुजवलं त्याच साली आली. तिचं काय न्हाई हो. पण गेल्या महिन्यापासनं हात मरायला लागलाय. सकाळी भाकरी मोडायला गेलो, तर भाकरी धरलीया का न्हाई तेच समजंना. म्हणून आलो पळत."

मास्तरांना हा एकच हात होता. डावा तरुणपणी गुऱ्हाळातल्या चरकात गेला. त्यानंतर त्यांनी घोडेतळ्याच्या काठी पोहायला शिकवायचा धंदा धरला आणि दोन पिढ्या पाण्यात उतरवल्या. लोक एकहाती माणसाच्या हवाली पोरं करताना कचरत नसत. उलट एका हाताचा हा माणूस तळं आडवं मारतो म्हटल्यावर दोन हातांच्या पोराला नाही म्हणायला तोंडच उरत नसे.

त्यांची रीत ठरलेली होती. तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा रिकामा डबा पोराच्या पाठीला काथ्याच्या दोरीने बांधायचा. डब्यावर पोर तरंगू लागलं की एक दिवस डबा सोडायचा आणि हनुवटीखाली आपला तळवा धरायचा. "पाय मार, पाय मार," असं म्हणत पोराला आत न्यायचं. पोर पाय मारत राही, आणि मधेच कधीतरी त्याच्या ध्यानात येई की हनुवटीखाली काही नाही, मास्तर लांब उभे आहेत. मग प्रत्येक पोर ओरडून एकच विचारी, "मास्तर, हात कधी काढला?" आणि मास्तर प्रत्येकाला एकच उत्तर देत, "मघाशीच."

गावातले वकील, सराफ, बँकेचे मॅनेजर, सगळ्यांनी हे विचारलं होतं. वृषालीने नव्हतं. तिचा डबा सुटायच्या आधी तळंच बुजलं.

"तुम्ही कुणाच्या, डॉक्टरबाई?" मास्तरांनी मान वळवून विचारलं.

"मगदुमांची. पिठाच्या गिरणीवाल्या मगदुमांची."

मास्तर उठूनच बसले. "डबा सोडंना ती?"

"तीच."

"अगं, मग तुला अहोजाहो कशाला करतोय मी! अख्ख्या गावात डबा न सोडलेली एकच पोर. झोपंत सुदिक आठवतीस तू मला. ह्या गावात माझं एक काम अर्धं ऱ्हायलंय, ते तू हैस."

सुवार्ता सिस्टर कोपऱ्यात कापूस कातरत होत्या. त्यांनी हसू दाबलं. वृषालीने चेहरा शक्य तितका डॉक्टरचा ठेवला आणि रंगाचं बटण दाबलं. तळ्याच्या उतरणीला अगदी लागून हाताची मुख्य धमनी लाल ठोके देत होती, आणि पाण्याखाली दंडातली नस चेपून पार चपटी झाली होती. चिरा देणं शक्य नव्हतं. सुईने पाणी कमी केलं तर नस मोकळी होईल. नाही केलं तर महिन्याभरात हात कायमचा जाईल. तिने हे मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं.

"पाणी काढून कुठं सोडणार?" मास्तरांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. पू बादलीत जातो. जुनं काही निघालं तर ते ज्याचं त्याला विचारावं लागतं, आणि तळं नगरपालिकेचं होतं. वृषालीने फोन केला. चहा यायच्या आत पालिकेचे मालमत्ता निरीक्षक हुक्केरी स्कूटरवरून हजर झाले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढून परत ठेवलं.

"हे घोडेतळंच आहे," ते म्हणाले. "पण पालिकेच्या लेखी घोडेतळं नाही. जे नाही त्याचं पाणी गावात सोडता येणार नाही, डॉक्टर."

"गटारात?"

"गटार पावसाच्या पाण्यासाठी. हे पावसाचं नाही, तळ्याचं."

"मग नदीत सोडू?"

"नदी पाटबंधारे खात्याकडे. त्यांना लिहावं लागेल, आणि ते विचारतील, कुठलं तळं?" हुक्केरींनी हात पसरले. "आमच्याकडून एवढंच सांगतो, की ते हातात ठेवायला पालिकेची हरकत नाही. रस्त्यात येत नाही, रहदारीला अडथळा नाही."

"पण त्यांचा हात जातोय, साहेब."

हुक्केरींनी पुन्हा चष्मा पुसला. मग जरा वाकून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, ते मारुतीच्या देवळाच्या अंगाचं टोक दाखवता का? तिथे माझी एक चप्पल गेली होती. नवी होती. वडिलांनी फार मारलं."

वृषालीने प्रोब मारुतीच्या अंगाला तिरका केला. चप्पल दिसली नाही, गाळ होता. तरी हुक्केरी बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर," वृषाली शेवटी म्हणाली, "सगळं काढून बादलीत सोडू का? मी सही करते, माझ्या जबाबदारीवर."

"न्हाई," मास्तर म्हणाले. त्यांनी बधिर हात छातीशी ओढून घेतला. "हात जाऊ दे. कुणाच्या तरी हातानं जेवीन. पण तळं न्हाई घालवायचं, पोरी. ते बुजवलं तवा मी काठावर उभा होतो, एक शब्द बोललो न्हाई. जे व्हतं ते एवढंच ऱ्हायलंय, माझ्या हातात."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांच्याकडे हात नव्हता. वृषालीला फार वाईट वाटलं. घरी मास्तर एकटे राहतात, भाकरी शेजारची देते आणि ती मोडायला कुणी नसतं, हे तिला ठाऊक होतं.

अशा वेळी काही सुचलं नाही की ती तपासणी पहिल्यापासून करायची. तिला शिकवणाऱ्या डॉक्टर अंकलगींचा दंडकच होता: दाबा, रंग बघा, आणि दुसरी बाजू बघितल्याशिवाय काही ठरवू नका. रोगट काय ते कळायला शेजारी निरोगी लागतं, असं ते म्हणत. वृषालीने दाबलं होतं, रंग बघितला होता. दुसरी बाजू राहिली होती, कारण मास्तरांना दुसरी बाजूच नव्हती.

त्यावरही अंकलगींचा तोडगा होता. पेशंटला दुसरी बाजू नसेल तर तपासणाऱ्याने आपली बघायची. वृषालीने कोटाची डावी बाही वर सारली, दंडाच्या आतल्या अंगाला जेली लावली आणि प्रोब टेकवला.

कातडी, चरबी आणि खाली काळं पाणी. थोडंसंच, उथळ. पण पाणीच.

तिथे एक बारकी गाठ आहे हे तिला गेली कित्येक वर्षं माहीत होतं. चरबीची असेल म्हणून तिने कधी प्रोब लावला नव्हता. स्वतःच्या गाठीला डॉक्टर नेहमी चरबीच म्हणतात. आता पडद्यावर घोडेतळ्याच्या दुसऱ्या काठाच्या पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि खालून दुसऱ्या पायरीवर पाण्यात पाय सोडून एक मुलगी बसली होती. झिपरी, फ्रॉक ओला, पाठीला पत्र्याचा डबा. मुरूम यायच्या आदल्या दिवशी वृषाली बसली होती तशीच.

"सिस्टर," वृषाली म्हणाली, "मास्तरांचा दंड जरा दाबा."

सुवार्ता सिस्टरांनी मास्तरांची गाठ अंगठ्याने हलकेच दाबली. इकडे वृषालीच्या दंडात पलीकडून एक लाट आली, पायरीला लागली आणि मुलीने घाबरून पाय वर घेतले.

"एकच तळं आहे," हुक्केरी म्हणाले. "दोन हातांत."

आता उपाय उघड होता. मास्तरांच्या बाजूला पाणी फार झालं होतं, वृषालीच्या बाजूला जागा होती. दोन सुया, मध्ये एक बारीक नळी. पाणी आपली पातळी आपण शोधतं. वृषालीने हुक्केरींकडे पाहिलं.

"एका खाजगी हातातून दुसऱ्या खाजगी हातात जात असेल तर पालिकेचा संबंध येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसलं.

सिस्टरांनी सुया मांडल्या. पण मास्तर मान हलवत होते.

"असं कसं चालंल? ती पोर हाय की तिथं."

"कुठली पोर?"

"पायरीवरची. आता दुसऱ्या पायरीपातुर पाणी हाय. माझं पाणी सोडलं की ते तिच्या डोस्क्यावरनं जाईल. तिला पवायला येत न्हाई. मी ह्या तळ्यात आजवर एक पोर बुडू दिलं न्हाई, आणि म्हातारपणी बुडवू?"

मुद्दा बिनतोड होता. पडद्यावर मुलीने डब्याची दोरी दोन्ही मुठींनी घट्ट धरली होती.

"डबा आहे की तिच्या पाठीला," वृषाली म्हणाली.

"चार पावसाळे धरून बसलीस डब्याला. किती वर्षं झाली त्या डब्याला? गंजला असंल. झोप पालथी."

"मास्तर, मी ड्युटीवर आहे."

"मी बी हाय. झोप."

वृषालीने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी अपघात विभागाचा पडदा ओढून घेतला आणि शेजारची मोकळी खाट पुसली. हुक्केरी पाठ करून उभे राहिले. कोळसंगीच्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर वृषाली मगदूम खाटेवर पालथ्या झाल्या, डोकं आणि डावा हात खाटेबाहेर. सिस्टरांनी तिच्या डाव्या दंडाला प्रोब लावून धरला. मास्तर समोर स्टुलावर बसले आणि त्यांनी आपला हात मोठ्या प्रयासाने उचलून तिच्या हनुवटीखाली धरला.

तळवा थंडगार होता. पण तो तोच होता. करंगळीच्या मुळाशी काथ्याच्या दोरीने पडलेला घट्टा तिला हनुवटीला लागला. वृषालीने अगदी चौथीतल्यासारखे डोळे घट्ट मिटले.

"डब्याची दोरी सोड," मास्तर म्हणाले.

तिने मुठी उघडल्या. मुठी आवळलेल्या आहेत हे तिला उघडताना कळलं.

"सोडली," पडद्याकडे बघत सिस्टर म्हणाल्या. "डबा बाजूला गेला, मॅडम."

"आता पाय मार. पाय मार. गुडघ्यातनं न्हाई, मांडीतनं. आणि हे बघ पोरी, एक अडचण हाय. हात बधिर झालाय माझा. तुझ्या हनुवटीखाली हाय का न्हाई, मला समजत न्हाई. तूच सांगत ऱ्हा."

"आहे, मास्तर."

"मार पाय. हाय?"

"आहे."

खाट करकरत होती. बाहेरच्या बाकावर गालफुगी झालेलं पोर घेऊन एक बाई बसली होती, ती पडद्याखालून दिसणारे डॉक्टरांचे पाय बघत होती. तिलाही मास्तरांनीच शिकवलं होतं. तिने पोराला सांगितलं, "गप बस, बाईंचं चाललंय."

"मार, मार. श्वास सोडू नको. हाय?"

वृषालीला तळ्याचा वास येत होता. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, आणि म्हशींचाही. दुपार कलल्यावर पाण्यावर पसरायचं ते तांबूस ऊन तिच्या मिटल्या डोळ्यांवर पडलं होतं. पुढे अभ्यास आला, हॉस्टेल आलं, बदल्या आल्या. सगळीकडे तिने काहीतरी घट्ट धरूनच ठेवलं होतं. आता हात दोन्ही मोकळे होते आणि पाणी तिला वर उचलत होतं. तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"पोरी, हाय का हात?"

तिने हनुवटी जरा खाली केली. खाली काही नव्हतं.

"नाही, मास्तर."

"मग?"

"तरंगतेय."

"पायरीवर कुणी नाही," सिस्टर म्हणाल्या. "पाण्यात आहे. मॅडम, मधोमध आलीय."

"आता सोडा पाणी," मास्तर म्हणाले.

वृषाली उठली, केस बांधले आणि हात धुतले. पडद्यावर धमनीची लाल कड सांभाळत तिने मास्तरांच्या दंडात सुई घातली. तिच्या दंडात सिस्टरांनी घातली. नळी भरली. आवाज झाला नाही. एका पडद्यावर आळीपाळीने दोन्ही काठ बघावे लागत होते. मास्तरांकडे म्हशी पोटापर्यंत उघड्या पडल्या, त्यांच्याखालची नस हळूहळू फुगून गोल झाली. वृषालीकडे पाणी एकेक पायरी चढत गेलं. ती मुलगी त्याच्यासोबत वर येत होती आणि पाय मारायचं थांबवत नव्हती. सगळ्यात वरच्या पायरीला पाणी लागलं आणि थांबलं.

सुया काढल्यावर मास्तर बोटांकडे बघत बसले. अंगठा हलला, मग तर्जनी. मग त्यांनी आत्ता कुठे आलेल्या चहाचा कप उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"चटका बसला," ते म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज फुटला. "चटका बसला गं पोरी!"

हुक्केरींनी खिशातला रुमाल शोधायला बराच वेळ लावला. जाताना ते वृषालीला म्हणाले, की तुमच्या बाजूला कधी एखादी चप्पल दिसली तर पालिकेत फोन करा, उजव्या पायाची. मास्तरांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. घाई केली नाही. प्रत्येक बटण काजातून नीट ओढून घेतलं.

ते दारापर्यंत गेले तेव्हा वृषाली बाही खाली करत होती. तिने हाक मारली, आणि हाक अपघात विभागाला शोभणार नाही एवढी मोठी निघाली.

"मास्तर! हात कधी काढला?"

मास्तर वळले. गावाने इतकी वर्षं विचारलेला तो प्रश्न ते ज्या चेहऱ्याने ऐकत, तोच चेहरा होता.

"मघाशीच," ते म्हणाले. "आणि तो डबा वाहत माझ्याकडं आलाय बघ. ऱ्हाऊ दे, एखाद्या पोराला उपयोगी पडंल."

सुवार्ता सिस्टरांनी पडदा बाजूला केला आणि गालफुगीच्या पोराला आत घेतलं. वृषालीने प्रोब पुसला, त्यावर नवी जेली घेतली आणि पोराला दुसरा गाल आधी दाखवायला सांगितलं.